पान १८७चा मालक

सोमवार, २ फेब्रुवारी. स. ११.२०, ऑफिस

आजपासून मी लेखक. म्हणजे पाच वर्षांपासून आहेच, पण आज लेखी कबुली मिळाली.

हिच्या भावाने, म्हणजे माझ्या मेहुण्याने, जनावरांच्या दवाखान्यांसाठी एक सॉफ्टवेअर केलंय. कुठल्या कुत्र्याला कुठली लस दिली, पुढची कधी, मालक कोण, असलं सगळं त्यात भरायचं. ते कसं भरायचं याचं पुस्तक मी लिहिलं. तीनशे अठरा पानं. मेहुणा त्याला मॅन्युअल म्हणतो. म्हणो बापडा.

आता एक मोठी कंपनी ते सॉफ्टवेअर विकत घेतेय, पुस्तकासकट. त्यासाठी मेहुण्याने सहीला कागद पाठवला. 'सदर पुस्तिकेचे सर्व हक्क मी स्वखुशीने कंपनीस देत आहे.' तीनदा वाचला. देत आहे, म्हणजे आज ते माझ्याकडे आहेत! आपल्याकडे नसलेली गोष्ट मागायला कोण कशाला येईल?

निश्चय. एक, कव्हरवर नाव, जमल्यास फोटोही, छापल्याशिवाय सही नाही. दोन, कमी बोलायचं. तीन, हिला इतक्यात सांगायचं नाही, भाऊ तिचा आहे.

दु. ३.४०

हिला फोन करून सांगितलं. राहवेना.

ती म्हणाली, करा की सही, त्यात काय एवढं. मग फोन बाबांकडे दिला. बाबांनी चाळीस वर्षं छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले, प्रुफं तपासली. हजारो लोकांची नावं त्यांच्या बोटांखालून गेली, घरातलं एकही नाही. त्यांनी एवढंच विचारलं, नाव किती पॉइंटात, म्हणजे किती मोठ्या टायपात घेणार? मी बोलून गेलो, छत्तीस. ते म्हणाले, छत्तीस म्हणजे चांगलं ठसठशीत होईल.

आता मागे हटायची सोय नाही.

गुरुवार, ५ फेब्रुवारी. दु. १२.०५, ऑफिस

काल मेहुणा घरी आला. डोळ्यांखाली काळं, दाढी वाढलेली. आठ वर्षं एकट्याने ते सॉफ्टवेअर ओढतोय. म्हणाला, दाजी, एकदा हे गळ्यातलं लोढणं कंपनीच्या गळ्यात घातलं की मी आठवडाभर नुसता झोपणार आहे, तेवढी सही द्या.

मी अट सांगितली. तो म्हणाला, कंपनी कुणाचंच नाव छापत नाही, माझंही नाही. मी म्हणालो, तुझं नसेल, पण शब्द माझे आहेत. त्यावर तो म्हणाला, शब्द तुमचे, पण पुस्तकातली चित्रं माझ्या सॉफ्टवेअरची आहेत. ती काढून घेऊ का?

खुशाल घे म्हणालो. ही आतून बाहेर आली आणि म्हणाली, शब्द घेऊन चाटायचेत का तुम्हाला? बहिणीचं काळीज भावाकडेच ओढ घेणार. लेखकाला घरात कोण विचारतो!

सोमवार, ९ फेब्रुवारी. स. ११.००, ऑफिस

चित्रं काढून पाहिली. तीनशे अठराची एक्क्याण्णव पानं राहिली. हरकत नाही, आटोपशीर झालं. पान चाळीस आता असं आहे: 'वरील चित्रात दाखवलेल्या बटणावर क्लिक केल्यास खालील चित्रात दाखवलेली खिडकी उघडते. ती न उघडल्यास वरील चित्र पुन्हा पाहावे.'

पुन्हा वाचलं. त्यात एक प्रकारची खोली आहे. ऑफिसच्या तक्रार खिडकीवर एक बाई पाण्याचं मीटर उलटं फिरतंय म्हणून आल्या होत्या. त्यांना उद्या या म्हणालो. विचारांची लिंक तुटते.

बुधवार, ११ फेब्रुवारी. दु. २.१५, ऑफिस

कंपनीच्या वकीलबाईंचा फोन. आवाज गोड. मंगळवारी भेटायचं, पुस्तक मीच लिहिल्याचे पुरावे आणायचे. सत्तावीस तारखेच्या आत काय तो सोक्षमोक्ष, नाहीतर कंपनी आपला विचार बदलेल.

पुरावे! बाई, आपण कुणाशी बोलताय?

आजवर कुणाला न सांगितलेली गोष्ट इथे लिहून ठेवतो. पान एकशे सत्त्याऐंशीवर मी एक सापळा लावलाय. तिथे लिहिलंय की लसीची नोंद भरून झाली की एफ-नाइन हे बटण शांतपणे तीनदा दाबावं, म्हणजे नोंदीला कुलूप लागतं आणि मग ती कुणालाही, कधीही बदलता येत नाही. साफ खोटं. एफ-नाइन दाबून त्या सॉफ्टवेअरमध्ये ढिम्म काही होत नाही. माझ्या मनची गोष्ट आहे ती. उद्या कुणी पुस्तक चोरलं तर त्याच्या पुस्तकातही एफ-नाइन येणार आणि चोर मुद्देमालासकट सापडणार.

एवढी दूरदृष्टी! कधीकधी माझी मलाच भीती वाटते.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी. स. १०.५०, ऑफिस

वकीलबाईंसमोर सापळा उघडून दाखवायचा म्हणून रंगीत तालीम केली. सॉफ्टवेअर उघडलं, नोंद भरली, एफ-नाइन तीनदा दाबलं.

पडद्यावर छोटंसं कुलूप आलं. 'नोंद बंद झाली आहे. आता बदल करता येणार नाही.'

मेहुण्याला फोन लावला. तो म्हणाला, हां, ते एफ-नाइन. दोन वर्षांपूर्वी एका दवाखान्यातल्या काउंटरवरच्या ताई रोज सकाळी फोन करायच्या. पुस्तकात लिहिलंय तसं का होत नाही? रोज! शेवटी कंटाळून करून टाकलं. दाजी, मला वाटलं मीच कधीतरी ठरवलं असेन आणि विसरलो असेन.

सापळा गेला. आता पान एकशे सत्त्याऐंशी हे पुस्तकातलं सगळ्यात अचूक पान आहे.

दु. १२.३०

शांतपणे विचार केला. माझं पुस्तक सॉफ्टवेअरची नक्कल नाही, उलट सॉफ्टवेअरच माझ्या पुस्तकाची नक्कल आहे! म्हणजे सॉफ्टवेअरचा काही भाग माझा. मंगळवारी हेही मांडायचं. बाबांना संध्याकाळी सांगेन. नाही, नाव आलं की मगच.

सोमवार, १६ फेब्रुवारी. स. ११.३०, ऑफिस

खरा पुरावा डोळ्यांसमोरच होता, काखेत कळसा. ही रोजनिशी!

पुस्तकाच्या पहिल्या ओळीपासून मी ती लिहितोय. ऑफिसची कोरी रजिस्टरं पडून होती, ती घेतली. हे चौथं. प्रत्येक पानावर छापील क्रमांक आणि 'मीटर तक्रार विभाग' असा शिक्का. मागाहून पान घुसडायला वावच नाही. आणि वेळ तर मिनिटामिनिटाची. जुनं रजिस्टर उघडलं की सरळ दिसतं: 'स. १०.४५ ते १.००, प्रकरण सहा. दु. २.०० ते ५.२०, प्रकरण सात पूर्ण. खिडकी बंद ठेवली होती.' असा भक्कम पुरावा जगात किती लेखकांकडे असेल?

उद्या चारही रजिस्टरं घेऊन जाणार. ही अजून बोलत नाहीये. बोलेल.

मंगळवार, १७ फेब्रुवारी. सायं. ५.००, ऑफिस

जिंकलो!

वकीलबाई पन्नाशीच्या, चष्मा दोरीला बांधलेला. रजिस्टरं मन लावून वाचली. मध्येमध्ये हसत होत्या, म्हणजे शैली आवडली असावी. विचारलं, या वेळा खऱ्या आहेत? म्हणालो, एका मिनिटाचाही फरक निघणार नाही. हा शिक्का? आमच्या ऑफिसचा. कॉम्प्युटर? ऑफिसचाच, घरी कुठला कॉम्प्युटर. छपाई? तीही ऑफिसात, पण दोन्ही बाजूंनी, मी काटकसरीचा माणूस आहे. म्हणजे सगळंच ऑफिसच्या वेळात? त्यांनी पुन्हा विचारलं. मी छाती काढून सांगितलं, बाई, तीन वर्षांत एकही ओळ घरी लिहिलेली नाही. घर ते घर, काम ते काम.

त्यांनी निवडक पानांच्या प्रती काढल्या. 'हे सर्व सत्य आहे' असं लिहून मी खाली सही केली. निघताना म्हणाल्या, आपण फारच मदत केलीत.

बाई शंभर टक्के आपल्या बाजूच्या. घरी जाताना बाबांसाठी नवं भिंग घेणार. कव्हर बघायला लागेल.

शुक्रवार, २० फेब्रुवारी. स. ११.४५, ऑफिस. स्वच्छतागृहात बसून

रजिस्टर मांडीवर घेऊन लिहितोय.

साहेबांनी बोलावलं. टेबलावर कंपनीचं पत्र. 'सदर पुस्तिका आपल्या कार्यालयाच्या वेळेत, कार्यालयाच्या यंत्रावर व कागदावर तयार झाल्याचे खुद्द लेखकाच्या सहीने सिद्ध होत असल्याने तिचे हक्क आपल्या कार्यालयाचे असावेत असे दिसते. कृपया सोबतच्या कागदावर सही करावी.' सोबत सेहेचाळीस पानं. माझ्या रोजनिशीची.

साहेबांनी त्यातलं एक मोठ्याने वाचलं. 'दु. ३.१०. साहेब पुन्हा झोपले. घोरण्याची लय चांगली लागलीय, प्रकरण नऊ झपाट्याने उरकतोय.' मग दुसरं. मग तिसरं. बाहेर सगळ्या टेबलांवर सामसूम. शेवटी विचारलं, ती उलट्या मीटरवाली बाई उद्या आली का हो?

बाई चार वेळा आली होती. चारही नोंदी त्यांच्या हातात होत्या.

दु. ४.००

मेहुण्यालाही प्रती गेल्यात. म्हणजे हिलाही. पंचेचाळिसाव्या पानावर हिच्याबद्दल दोन ओळी आहेत. त्या मी इथे परत लिहिणार नाही. एकदा लिहून पाहिलंय.

सोमवार, २३ फेब्रुवारी. स. १०.४०, ऑफिस

इकडे आड, तिकडे विहीर. ऑफिसच्या वेळात लिहिलं म्हणावं तर पुस्तक ऑफिसचं आणि नोकरीवर गदा. घरी लिहिलं म्हणावं तर रजिस्टरं खोटी, आणि सत्य आहे म्हणून सही मीच ठोकून आलोय. जेवणाच्या सुट्टीत लिहिलं म्हणून हिशेब मांडून पाहिला. तीनशे अठरा पानं बसवायला तीन वर्षं रोज तीन वेळा जेवावं लागलं असतं.

वकीलबाईंना फोन केला. माझ्या बाजूने काही करता येईल का विचारलं. त्या गोड आवाजात म्हणाल्या, पण मी तुमची वकील नाहीच ना. हे त्या दिवशी मला विचारायचं सुचलंच नव्हतं.

ही बोलायला लागली. म्हणाली, तुमच्या एका नावापायी माझ्या भावाची आठ वर्षं अडकून पडलीत, आता तरी सोडा. मी गप्प. गप्प बसायचा निश्चय दोन तारखेचाच होता, तेवढा आज पाळला.

मंगळवार, २४ फेब्रुवारी. दु. १.३०, ऑफिस

बाबा रोज विचारतात, कव्हरचं प्रूफ आलं का. रोज सांगतो, छपाई लांबलीय. काल म्हणाले, तोवर आतला मजकूर तरी दे. दिला. सकाळी मी निघालो तेव्हा खिडकीशी बसून नव्या भिंगाने वाचत होते, पेन्सिल कानावर. जन्मात कॉम्प्युटरला हात लावलेला नाही त्यांनी. एकेका शब्दावर थांबत होते, माझ्या शब्दावर आजवर कुणीही थांबलेलं नाही तसे.

त्यांना काय सांगू? कुणीतरी सांगा मला. नाव नकोच होतं मला एवढं. मीच छत्तीस पॉइंट बोलून बसलो.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी. स. ११.१५, ऑफिस

देव आहे!

हेड ऑफिसचं उत्तर आलं. पाण्याच्या मीटरच्या ऑफिसने कुत्र्याच्या लसीचं पुस्तक काढलं असं बाहेर कळलं तर काय, या धास्तीने वरपर्यंत सगळे हादरले होते म्हणे. 'सदर पुस्तिकेशी या कार्यालयाचा काडीमात्र संबंध नसून तिची मालकी व जबाबदारी सर्वस्वी संबंधित कर्मचाऱ्याची आहे.' गोल शिक्का. मोठ्या साहेबांची सही.

सर्वस्वी! आता शेंडी माझ्या हातात. अट पुन्हा मांडतो. कव्हरवर नाव, छत्तीस पॉइंट. फोटोचा आग्रह सोडला, माणसाने लवचीक असावं.

दु. १२.२०

दुसरं पाकीट आलं. कारणे दाखवा नोटीस. शिवाय सोमवारपासून माझी बदली तळघरातल्या जुन्या मीटरांच्या खोलीत. तिथे कॉम्प्युटर नाही. लेखकाला एकांत लागतोच म्हणा.

दु. ३.३०

मेहुण्याचा फोन. आवाजात झोप. व्यवहार सकाळीच झाला. कंपनी पुस्तक घेतच नाहीये. त्याऐवजी सहा छोटे व्हिडिओ करणार, आणि सगळी बटणंही बदलणार. म्हणाला, दाजी, तो कागद फाडून टाका, आता सही नको. पुस्तक तुमचंच. मी मनापासून सांगतो, तुमचंच.

त्याला सुखी राहा म्हणालो. खरंच म्हणालो. मग बराच वेळ पानावरच्या शिक्क्याकडे बघत बसलो. आता ते पुस्तक घ्यायला जगात कुणीही तयार नाही, म्हणून ते माझं आहे.

रविवार, ८ मार्च. स. ९.३०, घर

रजिस्टरं ऑफिसने जमा करून घेतली. ही साधी वही आहे. शिक्का नाही, क्रमांक नाही. वेळ लिहायची सवय तेवढी राहिली.

काल बाबांनी वाचून संपवलं. दोनशे बारा चुका काढल्यात, बारीक पेन्सिलीने, समासात. मी विचारलं, कसं वाटलं? त्यांनी पानं चाळली, एक बाहेर काढलं. म्हणाले, तीनशे सतरा पानं तू दुसऱ्याच्या चित्राकडे बोट दाखवून लिहिलीस. हे एक तुझं आहे. शांतपणे तीनदा दाबावं, हे बघ, इथे लिहिणारा माणूस दिसतो.

पान एकशे सत्त्याऐंशी. मी उठून मोरीत गेलो आणि नळ सोडून रडलो.

बाहेर आलो तर म्हणाले, कव्हर कधी? म्हणालो, महिनाअखेर. सवयच लागलीय जिभेला.

शनिवार, २८ मार्च. सायं. ६.१०, घर

आज मेहुण्याचं कुत्रं लसीला न्यायचं काम हिने मला दिलं. प्रायश्चित्त म्हणून, असं तिने म्हटलं नाही, पण पट्टा हातात देताना तोंड तसंच होतं. कुत्र्याचं नाव शेठ. रस्ताभर शेठ पुढे, मी मागे.

दवाखान्यात काउंटरवर एक ताई. चष्मा, केसांत दोन पेन्सिली. आणि काउंटरवर, खाकी कव्हर घातलेलं, कोपरे दुमडलेलं, माझं पुस्तक! याच त्या, रोज सकाळी फोन करणाऱ्या. मी विचारलं, नवे व्हिडिओ नाही का बघत? म्हणाल्या, इथे कुत्री भुंकताहेत, व्हिडिओ ऐकणार कोण. पुस्तकात बोट ठेवून काम करता येतं.

मी सांगून टाकलं. ताई, हे पुस्तक मी लिहिलंय. त्यांनी वर पाहिलं. म्हणाल्या, मग पहिल्या पानावर नाव का नाही तुमचं? दोन वर्षं शोधतेय, कुणाला फोन करायचा ते. आणि म्हणाल्या, थांबा, आज तरी नीट कळू दे. नाव सांगा पूर्ण.

वडिलांच्या नावासकट सांगितलं. एकेक अक्षर सुटं करून. त्यांनी पान बारा उघडलं, बोट ठेवलं. 'पहिल्या चौकटीत मालकाचे नाव, दुसऱ्या चौकटीत प्राण्याचे नाव.' माझं वाक्य. त्याप्रमाणे भरलं. मग पान एकशे सत्त्याऐंशी. शांतपणे, तीनदा. मशीनमधून गुळगुळीत कार्ड बाहेर आलं.

कंपनीने चौकटींची अदलाबदल केलीय. प्राण्याचे नाव: माझं, वडिलांच्या नावासकट. मालकाचे नाव: शेठ.

ताईंनी बदलायचा प्रयत्न केला. कुलूप आलं. दोनदा तीनदा केलं, कुलूपच. म्हणाल्या, नाही हो बदलत आता. कंपनीने सगळं बदललं, एवढं एफ-नाइन मात्र ठेवलंय, कारण फार उपयोगी आहे म्हणे. आणि पुस्तक माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, हे बघा, तुम्हीच लिहिलंय, कुणालाही, कधीही.

घरी आलो. पट्टा हिच्या हातात दिला. बाबांनी आतून हाक मारली, महिनाअखेर आली, कव्हर आणलंस का? माझ्याच्याने खोटं बोलवेना आणि खरंही बोलवेना. नुसतं कार्ड त्यांच्या हातात ठेवलं.

ते खिडकीशी गेले. भिंग लावलं. माझ्या नावावर बराच वेळ थांबले. बारा पॉइंट आहे, म्हणाले, पण बसलंय सुबक. अक्षरांत अंतर सारखं आहे. एकही चूक नाही.

नावाआधीचे 'प्राण्याचे नाव' हे शब्द त्यांनी वाचले नाहीत असं मी धरून चाललो होतो. चाळीस वर्षं प्रुफं तपासलेला माणूस. कार्ड उशाशी ठेवताना त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, लहानपणी फिरवायचे तसा, आणि विचारलं, पुढचा डोस कधी रे?

सहा महिन्यांनी, म्हणालो.